वाचक विचारतात : ढग कुठवर, पाऊस कुठून?

हवा आणि हवामानाबद्दल कोकणपट्टीतून आलेली पत्रं या वेळी एकत्र घेतली आहेत. जागेअभावी ती थोडी आखूड केली आहेत. प्रश्न वेगवेगळे आहेत, पण प्रत्येकाला उत्तर देताना आधी एकच गोष्ट ठरवावी लागली : हे घडतं नेमकं किती उंचीवर?

तपांबराची (हवेच्या सर्वांत खालच्या थराची) उंची एका पुस्तकात १२ किलोमीटर दिली आहे, दुसऱ्यात १८. मुलांना कोणता आकडा सांगू? विमानं स्थितांबरातून, म्हणजे त्याच्या वरच्या थरातून, जातात असं आम्ही शिकवतो. मग आमच्या डोक्यावरून जाणारं विमान पावसाळी ढगांच्या वर असतं का?
— माध्यमिक शिक्षिका, गुहागर

कोकणासाठी १६ ते १७ किलोमीटर सांगा. १२ हा साऱ्या पृथ्वीचा ढोबळ सरासरी आकडा आहे. ध्रुवांकडे हा थर ८-९ किलोमीटरांतच संपतो, विषुववृत्ताच्या आसपास तो १७-१८ पर्यंत जातो. तळ जितका तापलेला आणि हवा जितकी दमट, तितका थर जाड. दोन्ही पुस्तकं आपापल्या जागी बरोबर आहेत. फक्त कुठला आकडा कुठला, हे छापायचं राहून गेलं आहे.

तपांबराला उष्णता मिळते ती मुख्यतः खालून, तापलेल्या जमिनीकडून आणि समुद्राकडून. म्हणून वर जाताना दर किलोमीटरला सरासरी ६.५ अंश सेल्सिअस तापमान उतरतं. किनाऱ्यावर २८ अंश असतील, तर १७ किलोमीटरवर उणे ८० च्या आसपास. तिथून पुढे क्रम उलटतो. स्थितांबरातला ओझोन सूर्याची अतिनील किरणं शोषून तापतो, त्यामुळे ५० किलोमीटरपर्यंत तापमान चढत जाऊन शून्याच्या आसपास येतं. खालून चढत आलेल्या ढगातल्या हवेला इथे भोवतालची हवा आपल्यापेक्षा उबदार, म्हणजे हलकी, भेटते आणि तिचं चढणं थांबतं. हे झाकण आहे म्हणून हवामान तळाशी कोंडलेलं राहतं. दुसरं कारण पाण्याचं. उणे ८० अंशांच्या त्या पट्ट्यातून वर जाण्याआधी जवळजवळ सगळं बाष्प गोठून गळतं. पावसाळ्यात कोकणात जमिनीलगतच्या एक किलो हवेत २० ग्रॅमच्या आसपास बाष्प असतं, तर स्थितांबरात हवेच्या दहा लाख रेणूंमागे पाण्याचे जेमतेम चार-पाच. ढग बनवायला तिथे मालच नाही.

हवेचा ७५ ते ८० टक्के भाग तपांबरात असतो, हे वाक्यही कोकणापुरतं सुधारून घ्या. इथे साडेसोळा किलोमीटरवर दाब १०० हेक्टोपास्कलपर्यंत, म्हणजे जमिनीवरच्या दाबाच्या दहाव्या हिश्शापर्यंत, उतरलेला असतो. म्हणजे सुमारे ९० टक्के हवा खालीच राहिली.

आता विमान. प्रवासी विमानं ३३,००० ते ३९,००० फुटांवरून, म्हणजे १० ते १२ किलोमीटरवरून जातात. युरोपात हिवाळ्यात ती खरोखरच स्थितांबरात असतात. गुहागरावरून जाणारं विमान मात्र तपांबरातच असतं आणि त्याच्याही वर निदान चार-पाच किलोमीटरचं तपांबर शिल्लक असतं. वळवाचा गडगडाटी ढग १५-१६ किलोमीटरपर्यंत जातो. त्याच्यावरून जाणं जमत नाही, वैमानिक त्याला वळसाच घालतात.

वर्गात भिंतीवर कागदाची पट्टी लावून १ सेंटिमीटर म्हणजे १ किलोमीटर असं प्रमाण घ्या. आंबोली ७ मिलिमीटरवर येईल, कळसूबाई दीड सेंटिमीटरच्या जरा वर, तपांबराचा माथा १७ सेंटिमीटरवर, स्थितांबराचा ५० वर. त्यावरचा थर, मध्यांबर, ८५ ते ९० वर संपतं. बहुतेक उल्का त्याच सुमारास जळतात आणि हवेतली सर्वांत कडक थंडीही तिथलीच, उणे ९० अंशांच्या आसपास. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानक दाखवायला पट्टी चार मीटर लांब करावी लागेल. ते मध्यांबराच्याही वरच्या थरात, उष्णांबरात, फिरतं. तिथलं तापमान हजार अंशांच्या पुढे जातं, पण हवा इतकी विरळ की त्या तापमानानं काही भाजत नाही. मुलं हा प्रश्न हमखास विचारतात, म्हणून आधीच लिहिलं.

जुलैत तीन-तीन दिवस धार तुटत नाही, पण गडगडाट जवळजवळ नाही. मे अखेरीला आणि नवरात्राच्या सुमारास मात्र अर्ध्या तासाचा पाऊस आणि विजांचा कहर. असं का? आणि घाट ओलांडला की पाऊस एकदम कमी कसा होतो?
— शेतकरी, संगमेश्वर

विजेला बर्फ लागतो. ढगात मऊ गारेसारखे कण आणि बर्फाचे बारीक स्फटिक एकमेकांवर आपटून विद्युतभार वेगळे होतात, आणि हे मुख्यतः उणे १० ते उणे २० अंशांच्या पट्ट्यात घडतं. कोकणावर पावसाळ्यात शून्य अंशाची पातळी पाच किलोमीटरच्या थोडी वर असते, म्हणजे हा पट्टा ७ ते ९ किलोमीटरवर येतो. ढग तिथवर जोरानं पोचला तरच वीज.

मे आणि ऑक्टोबरात जमीन तापलेली असते आणि मधल्या थरातली हवा त्या मानानं कोरडी व थंड. त्यामुळे वर जाणारा झोत जोरदार असतो आणि ढग १४-१५ किलोमीटरपर्यंत उसळतो. जुलैत आकाश झाकलेलं, जमीन थंडावलेली, साऱ्या थरात दमट हवा. झोत मंद. त्यातच खाली पश्चिमेचा जोरदार वारा आणि वर १४-१६ किलोमीटरवर पूर्वेकडून वाहणारा वेगवान झोतवारा (तो हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ मध्ये दाखवून दिला) अशा ओढाताणीत ढग उंच उभा राहत नाही. पण पाऊस पडायला बर्फ लागत नाही. समुद्रावरच्या मिठाच्या मोठ्या कणांभोवती थेंब धरतात, एकमेकांना गिळत मोठे होतात आणि पाच किलोमीटरच्या खालीच पावसाचं काम उरकतं. आपल्याकडच्या जुलैच्या संततधारेत या 'उष्ण' पावसाचा वाटा मोठा असतो.

मग इतकं पाणी येतं कुठून? एखाद्या जुलैच्या दिवशी कोकणावरच्या जमिनीपासून माथ्यापर्यंतच्या हवेतलं सगळं बाष्प पिळून काढलं, तरी ६०-६५ मिलिमीटरच पाऊस होईल. २०० मिलिमीटर पडतो याचा अर्थ पडत असताना नवा माल सतत येत असतो. तो आणणारा वारा जमिनीपासून अवघ्या दीड किलोमीटरवर सर्वांत जोरात असतो. सोमालियाच्या किनाऱ्यावरून अरबी समुद्र ओलांडून येणारा हा खालच्या पातळीवरचा झोतवारा. भारतीय द्वीपकल्पावर तो असल्याचं हवामानशास्त्रज्ञ पी. व्ही. जोसेफ आणि पी. एल. रामन यांनी १९६६ मध्ये मांडलं. त्याचा वेग ताशी ५५ ते ९० किलोमीटर. हवेतलं निम्म्याच्या आसपास बाष्प खालच्या दोन किलोमीटरांत असतं आणि वारा नेमका तिथेच जोरात. कोकणाच्या पावसाचा बराचसा हिशेब इथेच मिटतो.

घाटाचं उत्तरही त्यातच आहे. हवेचं तापमान आणि दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या बाष्पाचं पाणी होऊ लागतं) यांच्यातल्या फरकाला १२५ नं गुणलं की ढगाच्या तळाची उंची मीटरमध्ये ढोबळमानानं मिळते. मोबाइलवरच्या हवामान अ‍ॅपमध्ये दोन्ही आकडे असतात. जुलैत २८ आणि २५ असतील, तर ३ गुणिले १२५, म्हणजे ३७५ मीटर. सह्याद्रीची धार त्याच्या दुप्पट-तिप्पट उंच. वारा धारेवर चढला की ढग होणारच आणि ६९० मीटरवरची आंबोली आठवडेच्या आठवडे धुक्यात, म्हणजे खरं तर ढगात, राहणारच. मे महिन्यात ३३ आणि २५ धरले तर तळ हजार मीटरवर जातो.

रत्नागिरीचा वर्षाचा पाऊस तीन हजार मिलिमीटरच्या थोडा वर, महाबळेश्वरचा साडेपाच हजारांच्या पुढे आणि तिथून सरळ रेषेत जेमतेम ४५ किलोमीटरवरच्या साताऱ्याचा हजाराच्या आसपास. माथ्यावर माल रिकामा होतो. शिवाय पलीकडे उतरणारी हवा दाबली जाऊन तापते आणि उरलेला ढग विरतो.

एक अपवाद सांगायला हवा. कधी कधी उत्तर कोकण आणि दक्षिण गुजरातलगत ३ ते ६ किलोमीटरच्या पट्ट्यात भोवरा तयार होतो. जमिनीवरच्या दाबाच्या नकाशात त्याचा मागमूसही नसतो आणि पाऊस मात्र दोन-तीन दिवस झोडपतो. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेत १९६३ च्या पावसाळ्यात घेतलेल्या निरीक्षणांतून ही भानगड उलगडली.

मोबाइलवर रडारचं चित्र बघतो. त्यात आमच्या गावावर काही नसतं आणि इकडे पागोळ्या वाहत असतात. रडार बंद असतं का?
— दुकानदार, राजापूर

बहुधा चालू असतं, पण तुमच्या ढगाच्या वरून बघत असतं. रडारचा सर्वांत खालचा किरणही आडवा नसतो, साधारण अर्धा अंश वर रोखलेला असतो. त्यात पृथ्वी गोल, म्हणून जमीन खाली खाली जाते. ५० किलोमीटरवर किरणाचा मध्य साधारण ६०० मीटर उंचीवर असतो, १५० किलोमीटरवर अडीच किलोमीटरच्या थोडा वर आणि २०० किलोमीटरवर चारच्या पुढे. वर लिहिलेला पाऊस तर बराचसा याच्या खालीच तयार होतो. त्यामुळे रडारपासून दूर असाल तर चित्रातला रंग म्हणजे पाऊस आहे असं समजा, पण रंग नाही म्हणून पाऊस नाही असं समजू नका. उलटही घडतं. मार्च-एप्रिलमध्ये समुद्रावर कोरड्या हवेत दिसणारे ठिपके पुष्कळदा ढगाचे नसतात. किरण खाली वाकून समुद्रावरून परतलेला असतो.

जवळच्या दोन गावांत फरक पडतो तो मात्र खराच असतो. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला ९४४.२ मिलिमीटर पाऊस झाला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३.४.

उंचावर थंडी जास्त, असं शिकलो. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे आमच्या कातळावरच्या बागेपेक्षा खाली व्हाळाकडच्या (ओढ्याकडच्या) कलमांवर गारठा आणि दव जास्त. भुरीही (मोहोरावरचा बुरशीचा रोग) तिकडेच आधी. फवारणी कधी करावी?
— आंबा बागायतदार, देवगड तालुका

दर किलोमीटरला साडेसहा अंश हा सगळ्या थराचा सरासरी हिशेब आहे. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री तळाचे शंभर-दोनशे मीटर तो पाळत नाहीत. जमीन उष्णता आकाशाकडे सोडून लवकर थंड होते, तिला चिकटलेली हवाही थंड आणि जड होते आणि उताराने व्हाळात जाऊन साचते. वर उबदार, खाली गार असा उलटा क्रम तयार होतो. धूर, धुकं, दव, सगळं याच थरात अडकतं, आणि भुरीला सोयीची दमट हवाही त्यातच टिकते.

तुमच्या बागेत फरक किती, ते मोजून घ्या. दोन साधे तापमापक आणा आणि आधी एक रात्र एकाच जागी शेजारी टांगा. दोघांत अर्ध्या अंशाचा फरक निघणं सामान्य आहे, तो लिहून ठेवा. मग एक वरच्या बागेत, एक व्हाळाकडे, जमिनीपासून सव्वा ते दीड मीटरवर लावा. वरून फळीचा किंवा झापाचा आडोसा हवा, रात्रीसुद्धा. उघडा तापमापक स्वतःच आकाशाकडे उष्णता सोडतो आणि हवेपेक्षा कमी दाखवतो. चिऱ्याच्या भिंतीवर टांगू नका, ती दिवसभराचा ताप मध्यरात्रीनंतरही सोडत असते आणि आकडा चढा येतो. आठवडाभर सूर्योदयाच्या आधी वाचलंत की बागेतली गारठ्याची जागा कागदावर येईल. तपासणी तिथून सुरू करा.

फवारणी पहाटे नको. उलट्या क्रमाच्या हवेत बारीक तुषार खाली न बसता तरंगत राहतात आणि हवा सरकेल तिकडे, शेजारच्या बागेत किंवा विहिरीवर, जातात. दवानं ओल्या पानावरून औषध ओघळतं ते वेगळंच. थोडा ओलसर पेंढा सुरक्षित जागी पेटवून धूर बघा. तो आडवा पसरून तिथेच थबकला तर थांबा. सरळ वर जाऊन विरायला लागला की थर फुटला. हिवाळ्यात हे साधारण साडेनऊच्या सुमारास होतं. दुपारकडे खारे वारे जोर धरतात आणि ताशी १०-१२ किलोमीटरच्या वर वारा गेला की तुषार उडतात. म्हणजे हातात दोन तास. टाकी भरून, गाळून आधीच तयार ठेवावी. औषध कोणतं आणि किती, हे कृषी विद्यापीठाच्या चालू वेळापत्रकाप्रमाणे.

बोटीवर दाबमापक बसवला आहे. काटा रोज दुपारी चारच्या सुमारास खाली येतो, रात्री परत चढतो. वादळ नसताना असं का? यंत्र खराब आहे का?
— तांडेल, हर्णे

यंत्र चांगलं आहे. आपल्या अक्षांशावर दाब दिवसातून दोनदा चढतो आणि दोनदा उतरतो. सकाळ-रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. सकाळी दहा ते दुपारी चार यांत सुमारे ३ हेक्टोपास्कलचा (मिलिबार म्हटलं तरी आकडा तोच) फरक पडतो. याला मुख्यतः कारणीभूत आहे स्थितांबरातला ओझोन. तो रोज उन्हानं तापतो, त्यानं साऱ्या वातावरणात लाट उठते आणि तिचा तळाशी उमटणारा परिणाम तुमच्या काट्यावर दिसतो. हवामान तपांबरात घडतं हे खरं, पण वरचा थर एवढी हजेरी रोज लावतो.

म्हणून सकाळचा आकडा दुपारच्या आकड्याशी ताडून बघू नका. वहीत चार वेळा ठरवा, ४ आणि १०, ४ आणि १०, आणि आजचे चार कालच्या चाराशीच लावा. वाचण्याआधी काचेवर बोटानं हलकी टिचकी मारा, काटा अडकलेला असतो. यंत्र बसवताना जवळच्या हवामान केंद्राच्या त्याच वेळच्या समुद्रसपाटीच्या आकड्याशी मागचा स्क्रू फिरवून जुळवा. घरी डोंगरावर जुळवून बोटीवर आणलंत तर चुकेल, कारण दर ९ मीटर उंचीला साधारण १ हेक्टोपास्कल कमी होतो.

नेहमीचे आकडे डोक्यात असू द्या. डिसेंबर-जानेवारीत १०१२ ते १०१४, जुलैत १००३-१००५ च्या आसपास. जुलैचा आकडा बघून जानेवारीच्या मानानं घाबरायचं कारण नाही. दर्यावर्दींचा जुना नियम असा : रोजचा चढउतार वजा करूनही त्या दिवसांतल्या नेहमीच्या आकड्यापेक्षा दाब ३ नं कमी असेल तर सावध, ५ नं कमी असेल तर चक्रीवादळ जवळपास आहे असं धरून बंदर गाठा. मान्सूनपूर्व मे आणि परतीनंतरचे ऑक्टोबर-नोव्हेंबर हे यासाठी खरे महिने. 'फयान' चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ ला, ऐन मासेमारीच्या हंगामात, किनाऱ्यावर आलं. 'निसर्ग' ३ जून २०२० ला अलिबागच्या दक्षिणेला आलं.

काटा स्थिर आहे म्हणून बंदरात इशाऱ्याचा तीन नंबरचा बावटा लागला असताना बाहेर पडू नये, हेही लिहून ठेवतो. बावटा पुढच्या हवेबद्दल असतो, काटा फक्त आत्ताची सांगतो. घाटाकडून येणाऱ्या वळवाच्या वावटळीची तर तो पाच-दहा मिनिटंही आधी वर्दी देत नाही.

किनाऱ्यावर पांढऱ्या डब्यासारखं लहान यंत्र आणि दोरीला फाटलेलं रबर सापडलं. लोक घाबरले. काय असेल?
— ग्रामपंचायत सदस्य, श्रीवर्धन तालुका

हवामानाचा फुगा. मुंबई आणि गोव्यासारख्या केंद्रांवरून असे फुगे पहाटे आणि संध्याकाळी सोडतात, ५.३० ची नोंद जगभर एकाच वेळी मिळावी म्हणून. फुगा मिनिटाला सुमारे ३०० मीटर चढतो आणि दाब, तापमान, दमटपणा रेडिओनं खाली कळवतो. तो किती वाहवत गेला यावरून वारा कळतो. तपांबराचा माथा ओलांडायला त्याला तासभर लागतो. ३० किलोमीटरच्या आसपास बाहेरचा दाब इतका उतरतो की फुगून फुगून रबर फाटतं आणि यंत्र खाली येतं. वर वारा पूर्वेचा असेल तर ते समुद्रात पडून लाटांबरोबर किनाऱ्याला लागतं. धोक्याचं त्यात काही नाही. डब्यावर सहसा छापील चिठ्ठी असते, ती वाचून खात्री करा आणि चिठ्ठी नसेल तर पोलिसपाटलाला दाखवा. आत बॅटरी असते, म्हणून कचऱ्याबरोबर पेटवू नका. रबर आणि दोरी मात्र लगेच उचला, गुरांच्या पोटात जातात.

रात्री ट्रान्झिस्टरवर दूरदेशची स्टेशनं लागतात, दिवसा नाहीत. त्याचाही हवामानाशी संबंध आहे का?
— वाचक, मालवण

नाही. मध्यम लहरी दिवसा ६० ते ९० किलोमीटरवरच्या विद्युतभारित थरात जिरतात. सूर्य मावळला की तो थर विरतो, लहरी त्याहून वर, शंभर किलोमीटरच्या पलीकडे जाऊन परावर्तित होतात आणि समुद्रापार पोचतात. बोटीवरच्या व्हीएचएफ संचावर (बोटीबोटींत बोलायच्या रेडिओवर) फेब्रुवारी ते मे या काळात कधी अचानक फार लांबचे आवाज येतात, त्यांचा संबंध मात्र हवेशी आहे. समुद्रालगतच्या दमट हवेवर कोरडी उबदार हवा पसरली की लहरी त्या काहीशे मीटरांच्या थरात कोंडून क्षितिजापलीकडे जातात. अशा दिवशी आवाज स्पष्ट आला म्हणून बोट जवळ आहे असं धरू नका, आधी तिची जागा विचारून घ्या.